कबुली आणि तिचा श्रोता

ख्रिस्ती मानवविचार मराठीत मांडू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती 'पाप' या अतिपरिचित शब्दाची. आपल्या भाषेत पाप हे घडते, केले जाते, पदरी पडते, फळाला येते आणि फेडलेही जाते. त्याचे रूप खात्यातील नोंदीसारखे आहे. चित्रगुप्ताच्या वहीची कल्पना आता कोणी अक्षरशः मानो वा न मानो, ती आपल्या वाक्प्रचारांत अजून नांदते आहे. जमाखर्चाच्या या चौकटीत पाप पुष्कळ असू शकते, थोडे असू शकते, पुण्याने त्याची वजावटही होऊ शकते. ख्रिस्ती परंपरेतील पापाची मध्यवर्ती कल्पना मात्र अशी मोजता येत नाही. तेथे पाप हे कृत्य होण्याआधी एक अवस्था असते. माणसाची प्रीती मुळातच चुकीच्या दिशेला झुकलेली आहे, आणि त्याची कृत्ये त्या झुकण्याची लक्षणे आहेत, असे ती परंपरा मानते. लक्षणे मोजून रोग मोजल्याचे समाधान मिळत नाही, हे तिचे म्हणणे.

अर्थात मराठीला ही दुसरी जाणीव सर्वस्वी परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. संतांच्या आत्मनिवेदनपर अभंगांतून, विशेषतः तुकारामांच्या, स्वतःला पतित म्हणवून घेणारा जो आवाज येतो तो हिशोबाचा नाही. नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत असत, त्यामागे हेच साम्य असावे. तरीही त्या आवाजापुढे एक निश्चित श्रोता आहे, आणि तो विटेवर उभा आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या श्रोत्याचा. पापाची कबुली कोणापुढे दिली जाते, यावर त्या कबुलीतून माणूस मोकळा होतो की अधिकच अडकतो हे ठरते, असे मला वाटते. आणि हे दोन संहितांच्या साहाय्याने तपासून पाहावे असा हेतू आहे. पहिली संत ऑगस्टीनची 'कन्फेशन्स' (सुमारे ३९७ ते ४००), दुसरी आल्बेर काम्यूची 'ला श्यूत' म्हणजे 'पतन' ही १९५६ मधील छोटी कादंबरी. दोघांत साडेपंधरा शतकांचे अंतर आहे, पण भूमी एकच आहे. ऑगस्टीन जेथे बिशप होता ते हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबा; काम्यूचे जन्मगाव मोंदोवी तेथून फार दूर नाही. काम्यू श्रद्धावान नव्हता. परंतु अल्जिअर्स विद्यापीठात १९३६ मध्ये त्याने सादर केलेला प्रबंध ख्रिस्ती तत्त्वचिंतन आणि नवप्लेटोवाद यांच्या संबंधावर होता, आणि त्यात ऑगस्टीनला महत्त्वाचे स्थान होते. आपण कशाच्या विरुद्ध किंवा कशाच्या अनुपस्थितीत लिहीत आहोत, हे त्याला नीट ठाऊक होते.

'कन्फेशन्स'च्या दुसऱ्या खंडातील नासपतीच्या चोरीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. सोळा वर्षांचा ऑगस्टीन शिक्षणात खंड पडल्यामुळे तागास्ते येथे घरी रिकामा बसलेला आहे. रात्री उशिरा काही सवंगड्यांबरोबर तो शेजारच्या एका झाडाची फळे झोडपून नेतो. फळे दिसायला चांगली नव्हती आणि चवीलाही नव्हती. घरी याहून सरस फळे होती. एखाददुसरे चाखून बाकीची डुकरांपुढे टाकली गेली. एवढ्याशा घटनेवर प्रौढ बिशप पानेच्या पाने खर्च करतो. नीत्शेने एका पत्रात या प्रसंगाची टर उडवली होती, आणि आजही वर्गात हे प्रकरण शिकवताना विद्यार्थी हसतात. हसणे स्वाभाविक आहे. मात्र प्रसंग क्षुल्लक असणे हीच त्याची गरज आहे, हे हसण्यात निसटते. भुकेने चोरी केली असती, वैराने केली असती, लोभाने केली असती, तर कारण सापडले असते, आणि कारण सापडले की पाप समजण्यासारखे होऊन बसते. ऑगस्टीनला अशी चोरी हवी आहे की जिला चोरीखेरीज दुसरे काहीच नको होते. आणखी एक गोष्ट तो नोंदवतो, जी मला अधिक मोलाची वाटते: एकट्याने आपण हे केले नसते. सोबत हवी होती. मैत्री ही माणसाच्या प्रकृतीतील उत्तम गोष्ट, तीच येथे वाकडी होऊन कामाला आली.

या 'वाकडे होण्या'त सगळा सिद्धांत साठलेला आहे. ऑगस्टीन नऊएक वर्षे मानी पंथाचा अनुयायी होता. त्या पंथाच्या मते विश्वात चांगले व वाईट अशी दोन तत्त्वे मुळापासून झगडत आहेत. माझ्या हातून पाप होते तेव्हा ते माझ्यातले दुसरे तत्त्व करते. हे उत्तर फार सोयीचे आहे, आणि त्याची सोय ऑगस्टीनने स्वतः उपभोगलेली आहे. पुढे त्याने ते टाकले आणि असे प्रतिपादन केले की जे जे निर्मिले गेले ते मुळात चांगलेच आहे. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते चांगल्याची झीज आहे. यामुळे माणूस स्वभावतः दुष्ट आहे, असा जो ख्रिस्ती मताचा अर्थ आपल्याकडे सर्रास केला जातो तो टिकत नाही. माणूस चांगला निर्माण झाला आणि बिघडला; बिघाड त्याचा स्वतःचा आहे, परक्या तत्त्वाचा नाही.

येथे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील अर्जुनाचा प्रश्न आठवावा. इच्छा नसताना, जणू बळजबरीने ओढला जावा तसा माणूस पाप का करतो, असे तो विचारतो. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात जवळजवळ हीच व्यथा आहे: चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही, नको ते होते. प्रश्न इतका सारखा असूनही उत्तरांची वाट वेगळी आहे. कृष्ण रजोगुणातून उपजलेल्या काम-क्रोधाला वैरी ठरवतो. गुण प्रकृतीचे आहेत आणि त्यांना ओळखणारा त्यांच्यापलीकडे उभा राहू शकतो. ऑगस्टीनला असे पलीकडे उभे राहण्याची जागा सापडत नाही. त्याच्या दृष्टीने ओढला जाणारा 'मी' आणि ओढणाराही 'मी'च. आठव्या खंडात, ३८६ सालच्या मिलानमधील बागेच्या प्रसंगाआधी, त्याने हे ज्या बारकाईने पाहिले आहे त्याला तोड नाही. मन हाताला हालण्याची आज्ञा करते आणि हात हालतो. तेच मन स्वतःला आज्ञा करते तेव्हा आज्ञा पाळली जात नाही, कारण आज्ञा देणारी इच्छा अर्धीच असते. अर्धी इच्छा, म्हणजे उरलेली अर्धी विरुद्ध बाजूला. पाश्चात्त्य कादंबरीतील अंतर्मनाच्या चित्रणाची एक मोठी वाट या पानांतून फुटते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

स्वातंत्र्याचा प्रश्न याच ठिकाणी निर्माण होतो. आपल्या आधुनिक समजुतीत स्वातंत्र्य म्हणजे पर्यायांची संख्या. जितके दरवाजे उघडे तितका मी स्वतंत्र. ऑगस्टीन निवडीची मोकळीक आणि स्वातंत्र्य यांत फरक करतो, आणि त्याच्या लॅटिनमध्ये त्यासाठी वेगळे शब्द आहेत. निवडीची मोकळीक पतनानंतरही माणसापाशी राहिली. परंतु ती निवड करणारी प्रीतीच आजारी असल्याने दहा दरवाजे उघडे असूनही तो पुन्हा त्याच एका खोलीत जातो. उत्तरायुष्यातील लेखनात, पेलागियसच्या अनुयायांशी वाद चालू असताना, त्याने हा विचार टोकाला नेला: आदिमानवाला पाप न करण्याची शक्ती होती, मुक्त माणसाला मात्र पाप करण्याची शक्तीच उरणार नाही, आणि ती अधिक श्रेष्ठ स्वतंत्रता होय. प्रथमदर्शनी हे विधान स्वातंत्र्याची थट्टा वाटेल. पण उत्तम गायकाला बेसूर होता येत नाही म्हणून तो परतंत्र आहे असे आपण म्हणत नाही. पेलागियसची बाजू माझ्या मते अगदीच टाकाऊ नव्हती. माणसाला जे शक्य नाही त्याची आज्ञा ईश्वर कशी करील, हा त्याचा प्रश्न नैतिकदृष्ट्या रास्त होता, आणि ४१८ मधील कार्थेजच्या धर्मसभेने त्याचे मत निषिद्ध ठरवल्याने तो प्रश्न मिटला नाही. मात्र व्यसनी माणसाच्या शेजारी काही काळ राहिलेल्या कोणालाही ऑगस्टीनचे निरीक्षण अधिक खरे वाटेल.

आता काम्यूकडे वळू. झां-बातिस्त क्लामांस हा पॅरिसमधील एकेकाळचा नामांकित वकील. विधवा-अनाथांचे खटले चालवणारा, आंधळ्यांना हात धरून रस्ता ओलांडून देणारा, आणि असे करताना स्वतःवर बेहद्द खूश असणारा. कादंबरी म्हणजे त्याचे एकट्याचे भाषण. ॲमस्टरडॅममधील 'मेक्सिको-सिटी' नावाच्या एका गुत्त्यात भेटलेल्या अनोळखी देशबांधवाला तो पाच दिवस आपली कहाणी सांगतो. समोरच्याचे एकही वाक्य आपल्याला ऐकू येत नाही. ते क्लामांसच्या उत्तरांवरून ताडावे लागते. नोव्हेंबरच्या एका रात्री पाँ रोयाल या पुलावरून जाताना कठड्यावर वाकलेली, काळ्या कपड्यांतली एक तरुण स्त्री त्याने पाहिली आणि तो पुढे गेला. मागे पाण्यात देह आदळल्याचा आवाज झाला, मग प्रवाहाबरोबर दूर जाणारी किंकाळी पुन्हापुन्हा ऐकू आली, मग काही नाही. तो थांबला, धावले पाहिजे असे स्वतःशी म्हणाला, आणि पावसात हळूहळू निघून गेला. कोणाला कळवले नाही. पुढचे काही दिवस वर्तमानपत्र उघडले नाही.

मिलानच्या बागेतील अर्धी इच्छा ती हीच. धावावे असे वाटणारा आणि न धावणारा एकच माणूस आहे, आणि बाहेरची कोणतीही सक्ती नाही. पाप ही कल्पना नाकारणाऱ्या लेखकाने ती इतक्या तंतोतंत का रेखाटावी? काम्यू श्रद्धेच्या उंबरठ्यावर आला होता, असा युक्तिवाद काही ख्रिस्ती समीक्षकांनी केला आहे. मला तो लेखकावर बळजोरी करणारा वाटतो. 'पतन'मध्ये काम्यूने केले आहे ते वेगळे आणि कलादृष्ट्या अधिक धाडसाचे आहे. ख्रिस्ती रचनेतील एक वगळता सर्व खांब त्याने जागच्या जागी ठेवले आहेत: पतन आहे, अपराध सार्वत्रिक आहे, नायकाच्या नावात बाप्तिस्मा देणारा योहान आहे, ॲमस्टरडॅमच्या वर्तुळाकार कालव्यांत दान्तेचा नरक आहे. काढून घेतली आहे ती फक्त क्षमा करू शकणाऱ्याची जागा. मग घराचे काय होते ते तो पाहतो.

होते असे की कबुली हे सत्तेचे हत्यार बनते. क्लामांस स्वतःला न्यायाधीश-प्रायश्चित्तकर्ता म्हणवतो. त्याची पद्धत साधी आहे: आधी स्वतःचे दोष मोकळेपणाने सांगावेत, ते सांगता सांगता 'मी'चे 'आपण' करावे, आणि ऐकणाऱ्याच्या हाती त्याचाच चेहरा दाखवणारा आरसा द्यावा. जो आधी स्वतःला दोषी ठरवतो त्याला इतरांना दोषी ठरवण्याचा हक्क मिळतो. स्वातंत्र्याविषयी त्याचे म्हणणे असे की ते कोणालाही पेलवत नाही. न्यायालयात आरोपी जसा एकटा उभा असतो तसे ते ओझे आहे, आणि म्हणून माणसाने आपला धनी शोधावा. त्याच्या खोलीतील कपाटात व्हान आइक बंधूंच्या वेदीचित्रातला 'न्यायी न्यायाधीश' हा फलक दडवलेला आहे. हा फलक १९३४ मध्ये गेंट येथून खरोखरच चोरीला गेला आणि पुन्हा सापडलेला नाही. न्याय कपाटात आणि निष्पापता दुसरीकडे, या विभागणीवर क्लामांसचा सारा व्यवहार चालतो. ल्यूथरने पापी माणसाचे वर्णन स्वतःतच वळलेला असे केले होते. क्लामांसची कबुली त्या वळणाचा शेवटचा फेरा आहे. तो खरे बोलतो, सतत बोलतो, आणि त्याचे प्रत्येक खरे वाक्य त्याला आणखी आत ओढते. अखेरीस तो त्या मुलीला पुन्हा एकदा पाण्यात उडी घ्यावयास विनवतो, म्हणजे आपण दोघेही वाचू. आणि लगेच, आता उशीर झाला आहे, सुदैवाने, असा सुस्कारा टाकतो. त्या 'सुदैवाने'साठी कादंबरी वाचावी.

येथपर्यंतचे विवेचन ऑगस्टीनच्या पारड्यात वजन टाकणारे आहे, हे मी जाणतो. 'कन्फेशन्स' ईश्वराला द्वितीय पुरुषी संबोधून लिहिलेली आहे. तिच्या श्रोत्याला सर्व आधीच ठाऊक आहे, त्यामुळे सांगणाऱ्याला स्वतःला सजवण्यात अर्थ नाही आणि श्रोत्याला जिंकण्यातही नाही. लॅटिनमध्ये 'कन्फेसिओ' या एकाच शब्दात कबुली आणि स्तुती हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी 'कबुलीजबाब' मात्र ठाण्याच्या आवारातून बाहेर पडत नाही. (गोव्याच्या कोंकणीत पोर्तुगीजमधून आलेला 'कुमसार' हा शब्द रुळला आहे, तो त्या मानाने निराळ्या वातावरणातला.) क्लामांसपाशी स्तुती करावी असे काहीच नाही, म्हणून त्याची कबुली पोलिसी जबाबासारखी इतरांना गोवत जाते. हा फरक निवेदनशैलीचाही आहे आणि मानवविषयक धारणेचाही.

परंतु येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याने नासपतीच्या चोरीवर पानेच्या पाने लिहिली, त्याच ऑगस्टीनच्या पुस्तकात एक स्त्री आहे. कार्थेजमध्ये तरुणपणी ती त्याच्याबरोबर राहू लागली, सुमारे ३७२ साली त्यांना अदेओदातुस हा मुलगा झाला, ती त्याच्याबरोबर इटलीतही आली. पुढे त्याचे एका कुलीन मुलीशी लग्न ठरले, आणि लग्नाला अडचण नको म्हणून तिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. मुलगा त्याच्याजवळ राहिला. आपण पुन्हा कोणा पुरुषाची होणार नाही असे व्रत घेऊन ती गेली. वधू वयात यायला दोन वर्षे होती म्हणून त्याने मधल्या काळासाठी दुसरी स्त्री आणली. हे सर्व सहाव्या खंडात मोजक्या वाक्यांत येते. आपले काळीज फाटले, रक्ताळले, असे तो लिहितो. ते खरेच असेल. पण काळीज त्याचे आहे. तिचे नाव आपल्याला कळत नाही.

सीनमध्ये बुडालेल्या स्त्रीचेही नाव आपल्याला कळत नाही. काम्यूच्या चरित्रकारांनी या प्रसंगाचा संबंध त्याच्या पत्नीच्या १९५३-५४ मधील गंभीर मानसिक आजाराशी जोडला आहे. तो बाजूला ठेवला तरी दोन थोर कबुल्यांच्या केंद्रस्थानी दोन निनावी स्त्रिया असाव्यात, हा योगायोग विचार करायला लावतो. ऑगस्टीनचा बचाव करता येईल. त्याच्या पुस्तकात नावे एकंदरीत कमी आहेत. चौथ्या खंडात ज्या मित्राच्या मृत्यूवर तो इतका विलाप करतो, तोही निनावीच आहे. ती स्त्री त्या वेळी हयात असेल आणि तिची अब्रू राखावयाची असेल, हेही शक्य आहे. मला हा बचाव अर्धाच पटतो. ऑगस्टीनच्या लेखी त्या नात्यातील पाप म्हणजे वासना, म्हणजे ईश्वरापुढचा अपराध. तिला पाठवून देणे हा तिच्याविरुद्धचा अपराध होता, हे त्याच्या विवेचनात कोठेच स्पष्ट होत नाही. श्रोता वर असला की खाली उभ्या असलेल्या माणसाकडे पाठ फिरण्याचा धोका असतो. विशेष म्हणजे हा धोका शुभवर्तमानाने ओळखलेला आहे: मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, वेदीजवळ असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावयास सांगितले आहे. म्हणजे ऑगस्टीनवरचा हा आक्षेप ख्रिस्ती विचाराच्या बाहेरून घेण्याची आवश्यकता नाही.

अपराध जिच्याबाबतीत घडला तिनेच बोलावे, असे एखादे पुस्तक आहे का? मराठीत आहे, आणि त्याला या चर्चेत आणणे ओढूनताणून होणार नाही, कारण तेही एका ख्रिस्ती परिवर्तनाचीच कथा सांगते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीची हकीकत टिळकांनी लिहिली असती तर ती बहुधा आत्म्याच्या प्रवासाची झाली असती. ती लक्ष्मीबाईंनी लिहिली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये बागेतील साक्षात्कार नाही. मागे राहिलेली बायको आहे, लहान दत्तू आहे, नातेवाइकांचे आश्रय आहेत, आणि न सांगता घरातून निघून जाणारा, हाती असेल ते देऊन टाकणारा, शीघ्रकोपी नवरा आहे. ऑगस्टीनच्या पुस्तकातून आफ्रिकेला परत गेलेली स्त्री बोलू लागली तर काय ऐकू येईल, याचा काही अंदाज येथे येतो.

लक्ष्मीबाई मानवी स्वभावाविषयी सिद्धांत मांडत नाहीत. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापासून त्यांची आठवण सुरू होते: बाहेरून येऊन चिकटणारा विटाळ आणि तो धुवून काढण्याची अखंड धडपड. दोष बाहेरून लागत नाही, आतून निघतो, हा शुभवर्तमानातील विचार त्यांनी प्रवचनातून उचलला नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे हे त्यांना स्वतःशीच विचार करता करता उमगले आणि त्यांनी जेवणापाण्याची बंधने सोडली. पुढचे सारे त्यानंतर आले. एवढे मोठे स्थित्यंतर त्या इतक्या सहज सांगतात की वाचकाला ते घडून गेल्यावर कळते. टिळकांबद्दल त्यांनी पुष्कळ कडू सांगितले आहे, पण आरोपपत्र लिहिलेले नाही. क्लामांसची कबुली जे करते त्याच्या बरोबर उलट येथे घडते. तेथे सांगणारा स्वतःला दोष देत देत ऐकणाऱ्याला बांधतो. येथे जिला दोष देण्याचा पुरेपूर हक्क आहे ती हसते, स्वतःच्या फजित्याही त्याच सुरात सांगते, आणि गेलेल्या माणसाला मोकळे सोडते. निवडीच्या मोकळिकीपलीकडचे जे स्वातंत्र्य ऑगस्टीनने तर्काने शोधले, ते या गद्याच्या लयीत मला अधिक ठळक दिसते. ऑगस्टीनची तात्त्विक उंची लक्ष्मीबाईंना नाही, आणि त्यांच्या पुस्तकाला ती नकोही होती.

'कन्फेशन्स'चा नववा खंड संपताना ऑगस्टीन आपल्या आईच्या मृत्यूविषयी लिहितो. संपूर्ण पुस्तकात मोनिकाचे नाव एकदाच येते, ते तेथे. पुढे जे कोणी हे वाचतील त्यांनी वेदीपाशी मोनिकाची आणि तिचा नवरा पात्रिकियुस याची आठवण करावी, अशी त्याची विनंती आहे. नाव सांगितले ते या आठवणीसाठी. त्याच खंडात काही पानांपूर्वी अदेओदातुसचेही नाव आले आहे, त्याच्या बुद्धीचे कौतुक आले आहे, आणि तो लवकर गेल्याचेही आले आहे. त्याच्या आईसाठी अशी विनंती कोठेही नाही.